रक्तकर्करोग : निदान व चिकित्सा यांचा इतिहास

रक्तकर्करोग : अस्थिमज्जेतील (हाडांच्या पोकळीतील मगजातील) अथवा लसीका ऊतकातील रक्तोत्पादक कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन उद्भवणाऱ्या रोगांना सामान्यपणे ही संज्ञा देतात. हा एकच रोग नसून रोगांचा समूह आहे. त्याचे तीन प्रमुख वर्ग मानले जातात. श्वेतकोशिकार्बुद अर्थात ल्युकेमिया या वर्गात विकृत श्वेत कोशिका मज्जा व्यापून रक्तप्रवाहात उतरतात. लसीकार्बुद अर्थात लिंफोमा या वर्गात मान, काख, जांघ, छाती वा उदर येथील लसीका ग्रंथी वाढतात. मज्जार्बुद अर्थात मायलोमा या वर्गात मज्जेतील प्रतिपिंडनिर्मात्या कोशिका बेसुमार वाढून हाडे पोखरतात. ल्युकेमियाचे तीव्र व चिरकारी असे दोन उपवर्ग असून तीव्र प्रकारात उपचारांवाचून काही आठवड्यांत वा महिन्यांत मृत्यू ओढवतो.

निरोगी मज्जेत तीन प्रकारच्या कोशिका तयार होतात. तांबड्या कोशिका प्राणवायू वाहून नेतात, श्वेत कोशिका जंतूंचा प्रतिकार करतात आणि बिंबाणू रक्त गोठण्यास मदत करतात. मज्जेची जागा विकृत कोशिकांनी घेतली म्हणजे ही तिन्ही कार्ये एकदमच मंदावतात. त्यामुळे रुग्ण फिकट व थकलेला दिसतो, ताप वारंवार येतो आणि हिरड्यांतून, नाकातून वा त्वचेखाली रक्तस्राव होतो. मात्र यांपैकी कोणतेही लक्षण केवळ याच रोगाचे असे नाही. फिकटपणा कुपोषणातही येतो, ताप हिवतापातही येतो, मानेतील गाठी क्षयरोगातही येतात. साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या रोगाची ओळख कशी पटत गेली, हाच त्याच्या चिकित्सेच्या इतिहासाचाही कणा आहे. ज्या ज्या वेळी ओळख एक पायरी खोल गेली, त्या त्या वेळी उपचारही तितकेच पुढे सरकले.

पूर्वपीठिका : आयुर्वेदीय ग्रंथांत पांडुरोग, रक्तपित्त, प्लीहोदर व अपची यांची सविस्तर वर्णने आहेत. फिकटपणा, रक्तस्राव, पाणथरीची वाढ व मानेतील गाठी ही लक्षणे प्राचीन वैद्यांनी बारकाईने टिपली होती, असे यावरून दिसते. तथापि ती निरनिराळ्या रोगांची म्हणून नोंदलेली आहेत. या सर्वांच्या मुळाशी मज्जेतील एकच विकृती असू शकेल, हे ओळखण्याचे साधन त्या काळी कोणत्याही देशात उपलब्ध नव्हते.

लोकपरंपरेतही रोगाची ओळख प्रामुख्याने दृष्टीवरच अवलंबून असे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. एलिचपूरच्या (सध्याचे अचलपूर) श्रीपाल अथवा ऐल राजाची आख्यायिका या क्षेत्राशी निगडित आहे. कुष्ठाने पीडित असलेल्या या राजाने येथील जलाशयात हातपाय व तोंड धुतले; परत आल्यावर तेवढाच भाग निरोगी झाल्याचे राणीच्या लक्षात आले आणि मग राजाने तेथे पूर्ण स्नान केले, अशी कथा सांगतात. कथेचा ऐतिहासिक भाग बाजूस ठेवला, तरी तीत रोगाविषयीची एक जुनी समजूत स्पष्ट दिसते. रोग कातडीवर होता, म्हणून तो दिसला. बरे झालेला भागही दिसला, म्हणून उपाय कळला. रक्ताच्या कर्करोगात घरच्या माणसाला असे काहीच दिसत नाही. जे दिसते ते कोणत्याही साध्या दुखण्यात दिसावे असे असते.

नामकरण : रोगाची पहिली निश्चित ओळख एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकामुळे झाली. पॅरिसमधील आल्फ्रेड दॉने यांनी १८४४ च्या सुमारास काही रुग्णांच्या रक्तात श्वेत कोशिकांचे प्रमाण फार वाढल्याचे पाहिले होते. १८४५ मध्ये एडिंबरो येथील जॉन ह्यूज बेनेट (१८१२–७५) आणि बर्लिन येथील रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी थोड्याच आठवड्यांच्या अंतराने, परस्परांच्या कार्याची माहिती नसताना, अशा रुग्णांची शवविच्छेदने प्रसिद्ध केली. बेनेट यांचा रुग्ण छपरांवर पाट्या बसविणारा २८ वर्षांचा कामगार होता, तर फिरखो यांची रुग्ण ५० वर्षांची स्वयंपाकीण होती. दोघांचीही पाणथरी प्रचंड वाढलेली होती आणि रक्तात पुवासारखा पांढरा घटक आढळला.

त्याचा अर्थ लावताना मात्र दोघांत मतभेद झाला. बेनेट यांनी ते रक्तातील पूयन मानले. पू होण्यासारखा दाह कोठेच नसताना पू कोठून येणार, असा फिरखो यांचा प्रश्न होता. हा पू नसून रक्ताच्या स्वतःच्या श्वेत कोशिकांचीच वाढ आहे, असे मत त्यांनी मांडले आणि १८४७ मध्ये ‘पांढरे रक्त’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून रोगाला ल्युकेमिया हे नाव दिले. रोगाच्या कारणाविषयी काहीच गृहीत न धरणारे हे नाव पुढे टिकून राहिले. लंडनचे टॉमस हॉजकिन यांनी लसीका ग्रंथींच्या वाढीचे वर्णन यापूर्वीच, १८३२ मध्ये केले होते; १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्या रोगास हॉजकिन यांचे नाव दिले.

रंजके व मज्जापरीक्षा : फिरखो यांच्या काळी रोगाचे उगमस्थान पाणथरी वा लसीका ग्रंथी असावे, असे मानीत. केनिग्झबर्ग येथील एर्न्स्ट नॉयमान यांनी १८६८ मध्ये रक्तकोशिका अस्थिमज्जेत तयार होतात असे दाखविले आणि १८७० मध्ये ल्युकेमियाचा उगमही मज्जेत असू शकतो, हे सिद्ध केले. पुढील महत्त्वाचे पाऊल पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी टाकले. १८७७ नंतरच्या काळात त्यांनी ॲनिलीन रंजकांनी रक्ताचा पातळ लेप रंगविण्याच्या पद्धती शोधल्या. रंगहीन दिसणाऱ्या श्वेत कोशिकांचे अनेक प्रकार या रंगांमुळे वेगवेगळे ओळखता येऊ लागले. परिणामी मज्जाजन्य व लसीकाजन्य ल्युकेमिया यांत भेद करणे शक्य झाले. विल्यम लीशमन यांनी १९०१ मध्ये सुचविलेले रंजक भारतातील रुग्णालयांत विशेष रुजले. हिवतापाचे जंतू शोधण्यासाठी रंगविलेल्या त्याच काचपट्टीवर ल्युकेमियाच्या विकृत कोशिकाही दिसू शकतात, म्हणून या साध्या तपासणीचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

रक्तात विकृत कोशिका थोड्या असल्या किंवा नसल्या, तरी मज्जा त्यांनी भरलेली असू शकते. म्हणून जिवंत रुग्णाच्या मज्जेचा नमुना मिळविणे आवश्यक होते. लेनिनग्राडचे मिखाइल आरिन्किन यांनी १९२७ मध्ये उरोस्थीत सुई घालून मज्जा शोषून घेण्याची सोपी पद्धत रूढ केली. सध्या हा नमुना बहुधा कमरेच्या हाडातून घेतात.

आरंभीचे उपचार : ओळख पटली, तरी उपाय नव्हता. १८६५ मध्ये लिसाउअर या जर्मन वैद्याने चिरकारी ल्युकेमियाच्या रुग्णास सोमलाचा विद्राव दिला असता काही काळ आराम पडल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सोमल हेच मुख्य औषध होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १९०३ च्या सुमारास शिकागोचे निकोलस सेन यांनी त्यांचा प्रयोग केला. पाणथरी आकसे, श्वेत कोशिका कमी होत, परंतु रोग परत येई. तीव्र ल्युकेमियात तर यांपैकी कशाचाच उपयोग होत नसे.

टाटा न्यास व टाटा स्मारक रुग्णालय : या हतबलतेच्या काळातच मुंबईचा या इतिहासाशी संबंध आला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये वेल्समधील एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने निधन झाले. संपत्ती, परदेशगमन व त्या काळातील उत्तम वैद्यकीय सल्ला हे सर्व उपलब्ध असूनही त्यांना वाचविता आले नाही. सर दोराबजींनी एप्रिल १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन केला. ल्युकेमियावरील संशोधनास जगातील कोणत्याही देशातील शास्त्रज्ञास साहाय्य देणे, हे त्याचे एक मुख्य उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावाच्या न्यासाने मुंबईत परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळेची घडी बसविली आणि १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. रुग्णालयाचे प्रशासन १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले व १९६६ मध्ये या दोन्ही संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

गिरणगावातील रक्तक्षय व पहिले प्रभावी औषध : ल्युकेमियावरील पहिल्या परिणामकारक औषधाचा एक धागाही मुंबईतच सापडतो. लूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्लिश रक्तविज्ञ १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतील गरोदर स्त्रियांमध्ये एक घातक रक्तक्षय आढळत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. हाफकिन संस्थेत प्रयोग करीत असतानाच त्यांनी तळपदे या सहकाऱ्याबरोबर स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. रोग जंतुजन्य नसून निकृष्ट आहाराशी निगडित आहे, हे त्यांच्या लक्षात आले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने, हा रक्तक्षय बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. या अर्कातील अज्ञात पदार्थास ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा केलेला फॉलिक अम्ल हा पदार्थ तोच असल्याचे निष्पन्न झाले.

फॉलिक अम्लाचे संश्लेषण अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४५ मध्ये झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) हे मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये अमेरिकेस गेले होते. बॉस्टनमधील बालरुग्णालयाचे विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर यांनी या गटातील पदार्थ प्रथम ल्युकेमियाग्रस्त मुलांना पोषक म्हणून दिले. त्यामुळे रोग शमण्याऐवजी वाढल्यासारखा दिसला. विकृत कोशिकांना वाढीसाठी फॉलिक अम्ल लागत असेल, तर ते तोडल्यास त्या उपाशी पडतील, असा उलटा विचार त्यांनी केला. सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अम्लाशी साम्य असलेले, परंतु त्याच्या कार्यात अडथळा आणणारे ॲमिनोप्टेरीन हे संयुग पुरविले. १९४७ च्या अखेरीस त्याचे प्रयोग सुरू झाले. १६ मुलांपैकी १० मुलांत निश्चित सुधारणा झाल्याचा वृत्तांत जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सुधारणा काही महिनेच टिकली. पण औषधाने तीव्र ल्युकेमिया मागे हटतो, हे प्रथमच सिद्ध झाले. याच वर्गातील मेथोट्रेक्सेट हे औषध अद्यापही वापरात आहे. परळच्या गिरणी कामगार स्त्रियांचे दारिद्र्यजन्य दुखणे आणि बॉस्टनच्या मुलांचे आयुष्य यांना जोडणारा दुवा असा एका जीवनसत्त्वाचा आहे.

संयुक्त चिकित्सा : दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूंच्या गुप्त संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड हे संयुग लसीका ऊतकाचा नाश करते असे दिसून आले होते. येल विद्यापीठात १९४२ मध्ये लिंफोमाच्या रुग्णावर त्याचा प्रयोग झाला आणि युद्धोत्तर १९४६ मध्ये तो जाहीर करण्यात आला. १९५० नंतरच्या दशकात कॉर्टिसोन वर्गातील स्टेरॉइडे व गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेले ६-मर्कॅप्टोप्युरीन यांची भर पडली. मूळची मादागास्करची, पण महाराष्ट्रातील अंगणाअंगणांत फुलणारी सदाफुली या वनस्पतीपासून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन व पुढे लवकरच व्हिन्क्रिस्टीन ही अल्कलॉइडे वेगळी करण्यात आली. मधुमेहावरील लौकिक औषध म्हणून तिची तपासणी चालू असताना तिच्या अर्काने श्वेत कोशिका घटतात, हे कॅनडातील संशोधकांना अनपेक्षितपणे आढळले होते.

एकच औषध दिल्यास उरलेल्या प्रतिकारक कोशिकांतून रोग उलटतो, हा अनुभव क्षयरोगातही आलेला होता. म्हणून १९६२ च्या सुमारास एमिल फ्राय व एमिल फ्रायराइख यांनी चार औषधे एकत्र देण्याची पद्धत अवलंबिली. मेम्फिस येथील डॉनल्ड पिंकेल यांनी तिला आणखी एक जोड दिली. रक्तातून दिलेली बहुतेक औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत आणि तेथे दडलेल्या कोशिका रोगाचे पुनरागमन घडवितात, हे ओळखून त्यांनी मेंदू व मेरुरज्जू यांवर वेगळे उपचार केले. दोन ते तीन वर्षे चालणाऱ्या या चिकित्साक्रमामुळे १९७० च्या सुमारास तीव्र लसीकाजन्य ल्युकेमियाची जवळजवळ निम्मी मुले बरी होऊ लागली. संपन्न देशांत हे प्रमाण पुढे ९० टक्क्यांच्या घरात गेले.

गुणसूत्रांपर्यंतची ओळख : १९६० मध्ये पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फिया येथे चिरकारी मज्जाजन्य ल्युकेमियाच्या कोशिकांत एक आखूड गुणसूत्र आढळले. क्रमांक ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते बनते, असे जॅनेट रावली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या अदलाबदलीतून एक विकृत जनुक तयार होतो आणि त्यापासून बनणारे प्रथिन कोशिकेला सतत विभाजनाचा आदेश देत राहते. नेमके हेच प्रथिन निष्प्रभ करणारे इमॅटिनिब हे तोंडाने घ्यावयाचे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पूर्वी काही वर्षांत मृत्यू घडविणारा रोग रोजच्या गोळीने अनेक वर्षे ताब्यात राहू लागला.

भारतात या औषधाच्या किमतीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च एक लाख रुपयांच्या वर होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध त्याच्या दशांशाहूनही कमी किमतीत मिळत असे. औषधाच्या एका स्फटिकरूपाच्या पेटंटसाठी केलेला अर्ज २००६ मध्ये नामंजूर झाला. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था या अर्जाला विरोध करणाऱ्यांत होती. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हा नकार कायम केला. जुन्या पदार्थाच्या नव्या रूपास, त्याची गुणकारिता वाढल्याचे सिद्ध झाल्यावाचून, पेटंट देता येत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

मज्जारोपण व भारतीय चिकित्साक्रम : मज्जारोपणाचा पाया अमेरिकेतील ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ पासून घातला. त्यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण मार्च १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाले. रुग्ण तीव्र मज्जाजन्य ल्युकेमियाची एक बालिका होती आणि मज्जा तिच्या भावंडाची होती.

अधिक व्यापक परिणाम मात्र एका साध्या उपक्रमाने घडविला. १९७० नंतरच्या दशकात तीव्र लसीकाजन्य ल्युकेमियाचे भारतीय रुग्ण विशेष कर्करोग केंद्रांतही २० टक्क्यांहून कमी प्रमाणात बचावत. पाश्चात्त्य चिकित्साक्रम जसाच्या तसा लागू करणे शक्य नव्हते. कुपोषण, जंतुसंसर्ग, रक्तघटकांची टंचाई आणि खर्च या चारही अडचणी होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने १९८४ मध्ये मुंबई, दिल्ली व मद्रास येथील तीन केंद्रांसाठी ‘एमसीपी-८४१’ हा एकच चिकित्साक्रम आखण्यात आला. सर्वांनी एकच पद्धत वापरल्यामुळे कोणता रुग्ण रोगाने दगावला, कोणता संसर्गाने आणि कोणी उपचार अर्धवट सोडले, याचा हिशेब प्रथमच मांडता आला. चार वर्षांनंतर रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत वाढले. येथे नवे औषध सापडलेले नव्हते. उपलब्ध औषधे शिस्तीने व रुग्णाच्या परिस्थितीचे भान ठेवून वापरली गेली, एवढेच.

प्रतिरक्षा-चिकित्सा : रुग्णाच्याच श्वेत कोशिका काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्यांना कर्ककोशिका ओळखावयास शिकविणे, हा अलीकडील मार्ग आहे. या बदललेल्या कोशिका परत शरीरात सोडल्या म्हणजे त्या विकृत कोशिकांच्या पृष्ठभागावरील ठरावीक खुणेवरून त्यांना हेरतात व नष्ट करतात. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या अशा उपचाराचा पहिला भारतीय रुग्णप्रयोग २०२१ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील अशाच उपचाराच्या सुमारे दशांश खर्चात तो उपलब्ध झाला असला, तरी लाखांतील ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे.

निदानाच्या सध्याच्या पायऱ्या : रक्तातील कोशिकांची गणना व रंगविलेल्या लेपाची तपासणी ही पहिली पायरी होय. संशय आल्यास मज्जेचा नमुना घेतात. लिंफोमात वाढलेल्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासतात. विशिष्ट प्रतिपिंडांच्या साहाय्याने कोशिकांच्या पृष्ठभागावरील खुणा ओळखून रोगाचा उपप्रकार ठरवितात. त्यानंतर गुणसूत्रांची व जनुकांची तपासणी होते. उपचार कोणते व किती तीव्र द्यावयाचे हे या अखेरच्या पायऱ्यांवर अवलंबून असते. त्या मोठ्या केंद्रांतच शक्य आहेत; पहिली पायरी मात्र सूक्ष्मदर्शक व प्रशिक्षित डोळा असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेत चढता येते.

वऱ्हाडातील स्थिती : या इतिहासाचा कस मोठ्या केंद्रांत लागत नाही, तो शिरपूरसारख्या गावात लागतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये, तर खुद्द वाशिमला २०२४ मध्ये सुरू झाले. कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर असलेली मुंबई, हेच या भागातील रुग्णांचे प्रमुख मार्ग राहिले. मुंबईस जाणाऱ्यांना आसरा देणाऱ्या ठिकाणांत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा प्रमुख आहे. वऱ्हाडात जन्मलेल्या या संताच्या नावाची वास्तू वऱ्हाडातून आलेल्या रुग्णांच्याही उपयोगी पडते. राज्य शासनाने २०१२ मध्ये सुरू केलेल्या व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेल्या आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. २०२५ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातूनच जातो.

अशा रीतीने अंतर व खर्च यांची धार काही अंशी बोथट झाली आहे. ओळख पटण्यास लागणारा काळ हा अडथळा मात्र उरतोच. फिकट झालेल्या मुलास लोहाच्या गोळ्या देणे, तापावर हिवतापाचे औषध देणे, हाडे दुखत असल्यास विदर्भात आढळणाऱ्या दात्र-कोशिका रक्तक्षयाचा विचार करणे, मानेतील गाठींवर क्षयरोगाचे उपचार सुरू करणे, यांतील प्रत्येक गोष्ट या भागात सामान्यतः योग्यच ठरते. म्हणूनच शंभरांत एखाद्या वेळी चुकते ती ध्यानात येत नाही. विशेष धोका स्टेरॉइडांचा असतो. तपासणीपूर्वी ती दिल्यास ताप उतरतो, गाठी विरतात, मूल खेळू लागते. रोग मात्र तात्पुरता झाकला जातो व नंतर नमुना तपासूनही त्याचा प्रकार ठरविणे कठीण होते. म्हणून फिकटपणा, ताप व रक्तस्राव यांपैकी दोन लक्षणे एकत्र आढळल्यास, किंवा योग्य उपचारांनीही दोन-तीन आठवड्यांत गुण न आल्यास, रक्ताचा लेप तपासून घेणे आवश्यक ठरते.

दुसरा अडथळा उपचार अर्धवट सुटण्याचा आहे. पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात विकृत कोशिका दिसेनाशा होतात. मूल बरे झाले असे घरच्यांना वाटते. शेतीची कामे, मजुरी व इतर मुलांचे शिक्षण खोळंबलेले असते. परंतु न दिसणाऱ्या कोशिका उरलेल्या असतात आणि उर्वरित दोन वर्षांचे उपचार त्यांच्यासाठीच असतात. शिरपूरच्या आख्यायिकेत राणीला रोग गेल्याची खूण डोळ्यांनी दिसली आणि राजाने स्नान पूर्ण केले. रक्ताच्या कर्करोगात बरे झाल्याचा डोळ्यांना होणारा भास हाच बहुधा उपचार थांबविण्याचे कारण होतो. फिरखो यांच्यापासून आजवरच्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचे फलित म्हणजे दिसणाऱ्या लक्षणांपलीकडे पाहण्याची साधने होत. ती साधने पहिल्या तापाच्या वेळी गावाच्या जवळ असणे आणि शेवटच्या मात्रेपर्यंत रुग्णाच्या हाताशी राहणे, यांवरच यापुढील यश अवलंबून आहे.